रात्रीच्या गोंगाटाला सक्त नियम हवा की नको?

कानोसा
शहरातल्या गोंगाटाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात: "थोडं सहन करायला शिका" आणि "खिडकी लावून घ्या." मला दोन्ही मान्य नाहीत. माणूस झोपला तरी कान जागे असतात. मोठा आवाज झाला की झोपमोड झाली नाही तरी नाडीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी यातलं काही आठवत नाही, नुसतं अंग जड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या अहवालात अंदाज दिला होता की एकट्या पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजापायी दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान 10 लाख वर्षं वाया जातात. म्हणजे हा नाजूक स्वभावाच्या चार माणसांचा प्रश्न नाही.

माझी सूचना अशी. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगे नकोत, बांधकाम नको, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली नकोत. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी दंड, तिसऱ्या वेळी यंत्र जप्त. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर जाता कामा नये. आज लोक गप्प बसतात ते आवाज सोसवतो म्हणून नाही. फोन केला की दुसऱ्या दिवशी चार जण दारात येऊन "तुम्हालाच तेवढा त्रास होतो का?" असं विचारतात, म्हणून बसतात.

भाता
त्रास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण नियम झाला की तो कुणावर बसतो हे आधी बघा. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्राइंडर लावला की लोखंड ओरडतंच, त्याला इलाज नाही. आम्ही शेड टाकली तेव्हा आजूबाजूला वस्ती नव्हती. नंतर इमारत झाली, लोक राहायला आले आणि तक्रारी सुरू झाल्या. दिवेलागणीला शटर खाली येतं, तरीही.

हे काही आजचं नाही. लंडनमध्ये 1864 साली रस्त्यावरच्या वादकांविरुद्ध कायदा झाला. गणिती चार्ल्स बॅबेज त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत होते. घरमालकाने आजारपणाचं किंवा कामात व्यत्यय येत असल्याचं कारण सांगितलं की वादकाने तिथून निघून जायचं. निघून कोण गेलं? दांडा फिरवून वाजणाऱ्या पेटीवर पोट भरणारे गरीब. दगडी रस्त्यावरून खडखडत जाणाऱ्या बग्ग्यांना त्या कायद्याने हात लावला नाही. तुमच्या यादीतही बघा, भोंगा आहे, बांधकाम आहे, मोटारसायकल आहे. दिवसरात्र वाहणारा मोठा रस्ता नाही. सर्वांत जास्त आवाज त्याचाच असतो.

षड्ज
ध्वनिव्यवस्थेचं काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. नियमाच्या बाजूने आहे, पण नुसता डेसिबलचा आकडा लिहिलेला नियम कुचकामी ठरतो.

पहिली गोष्ट म्हणजे मीटर. बहुतेक नियमांत आवाज 'ए' मापनाने मोजतात. मीटरवर 'ए' आणि 'सी' असं निवडायचं बटण असतं. 'ए' हे साधारण माणसाच्या कानाला अनुसरून केलेलं आहे, त्यामुळे खर्जाचे आवाज ते कमी धरतं. 63 हर्ट्झ इतक्या खोल स्वराला तब्बल 26 डेसिबल वजा होतात. नेमका हाच खर्ज भिंतीतून आरपार जातो. लांब कुठेतरी मोठे बेस लागलेले असतात, तुमच्या घरात गाण्याचा शब्दही कळत नाही, पण कपाटाची काच थरथरते आणि छातीत ठोका जाणवतो. अधिकारी येतो, 'ए'वर मोजतो, आकडा मर्यादेत भरतो आणि तो निघून जातो. तक्रारदार खोटा ठरतो. 'सी' मापन खर्ज फारसा कमी धरत नाही, म्हणून 'ए' आणि 'सी'मधला फरक लिहून घेतला तरी खर्जाचा त्रास कागदावर येईल.

दुसरी गोष्ट सरासरी. समजा रात्रीचा एक तास शांत आहे, 40 डेसिबल. त्यात फक्त 10 सेकंद एक गाडी 80 डेसिबलने फाडत गेली. तासाची सरासरी काढा (ती आकड्यांची नाही, ध्वनीच्या ऊर्जेची काढतात), साडेचोपन्नच्या आसपास येते. 55 ची मर्यादा असेल तर गुन्हाच झाला नाही! पण गल्लीतलं प्रत्येक तान्हं मूल उठलेलं असतं. म्हणून रात्रीसाठी सरासरीबरोबर कमाल आवाजाचीही मर्यादा हवी.

पारावर
माझा सरळ विरोध. प्रत्येक गोष्टीत पोलीस आणले की शेजारधर्म संपतो. आवाज किती आहे यापेक्षा तो कधी थांबणार हे माहीत नसणं जास्त छळतं. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1970 च्या आगेमागे प्रयोग केले होते. लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. काहींना सांगितलं की फारच असह्य झालं तर हे बटण दाबा, आवाज बंद होईल. ज्यांच्या हाताशी बटण होतं त्यांनी ते दाबलं नाही, तरी नंतरच्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या आणि ते चिकाटीने बसले. आवाज दोघांनाही तोच होता.

तेव्हा समारंभ असो की स्लॅब, आधी आसपासच्या घरांत चिठ्ठी द्या. अमुक वाजता सुरू, अमुक वाजता बंद, हा माझा नंबर. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. दंडाची पावती फाडून मिटत नाहीत, उलट वैर वाढतं.

कानोसा
पारावर, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूने जातं. त्या लोकांना धीर होता कारण बटण दाबलं तर आवाज बंद होईल याची खात्री होती. आज रात्री दीड वाजता आपण चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन करतो आणि बाहेरून तोच ठोका ऐकू येत राहतो, फोन कुणी उचलत नाही. हे बटण कशालाच जोडलेलं नाही. चिठ्ठी जरूर द्यावी, पण ती पाळली नाही तर पुढे काय, हे कायद्यात असल्याशिवाय त्या चिठ्ठीला किंमत नाही. शेजारधर्म दोन्ही बाजूंची ताकद सारखी असते तिथे चालतो.

भाता, रस्त्याचा मुद्दा मला पटला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये रात्रीच्या रस्त्यासाठी सुचवलेली मर्यादा घराबाहेर सरासरी 45 डेसिबल आहे, वाहत्या रस्त्याकाठच्या घरांत ती पाळली जाणं कठीण. रस्ता यादीत घ्यायला हवा. पण तो यादीत नाही म्हणून भोंगाही सुटला, हे चालणार नाही.

तिसरा प्रहर
मी रात्रपाळी करणारी नर्स. माझी झोप सकाळी नऊनंतरची. "रात्री 10 ते 6" वाचलं की मला वाटतं, आमची गणती माणसांत होते की नाही? रात्रपाळीचा कामगार, पहाटे उठणारा ड्रायव्हर, आजारी म्हातारी माणसं, तान्ही बाळं, यांची झोप घड्याळाच्या त्या चौकटीत बसत नाही.

शिवाय वेळेचं बंधन घातलं की आवाज संपत नाही, दुसऱ्या वेळेला सरकतो. प्राचीन रोममध्ये जूलियस सीझरच्या काळच्या कायद्याने दिवसा शहरात चाकाच्या गाड्यांना बंदी केली. मग गाड्या रात्रभर फिरू लागल्या आणि झोपेचं खोबरं झालं. ज्युवेनाल हा कवी त्याबद्दल तक्रार करतो. तुमच्या नियमाने याच्या उलट होईल, रात्रीचं सगळं दिवसात कोंबलं जाईल. मला दिवसाचीही मर्यादा हवी, निदान सलग किती तास ड्रिल चालवायचं याची. दुपारी दोन तास हमखास शांत मिळाले तरी माझ्यासारखीचं भागेल.

भाता
ताई, तुमचं दुखणं समजतं. पण दुपारचे दोन तास बंद म्हणजे माझ्या माणसांची पाव दिवसाची मजुरी गेली. ती कोण देणार? शांततेचा खर्च कुणीतरी उचलतोच, आणि तो नेहमी आवाज करून पोट भरणाऱ्याच्या माथी मारला जातो.

षड्ज
भाता, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर एक तोडगा आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आणि इंग्लंडने 2018 च्या नियोजन धोरणात असं तत्त्व घेतलं की जो नंतर येऊन परिस्थिती बदलतो, त्याने आवाज अडवण्याचा खर्च करायचा. चालू संगीतगृहाशेजारी इमारत बांधायची तर दुहेरी काचेच्या खिडक्या आणि जाड भिंती बिल्डरने द्यायच्या. हे वर्कशॉपलाही लावता येईल. तुम्ही आधी होतात, तर परवानगी देतानाच बिल्डरवर अट घालायला हवी होती. ती घातली नाही, म्हणून आज तुम्ही आणि वरचा भाडेकरू एकमेकांशी भांडताय, आणि फ्लॅट विकून पैसे केलेला माणूस या भांडणात कुठेच नाही.

पांढरी काठी
एक बाजू राहून जातेय. मला दिसत नाही. मी रस्ता ओलांडते तो कानांवर. शहर शांत व्हावं असं मलाही वाटतं, कारण भोंगा चालू असला की जवळ आलेली गाडी ऐकू येत नाही आणि मी कडेला अडकून पडते. पण सगळेच आवाज शत्रू नाहीत. विजेवरच्या गाड्या हळू चालताना इतक्या गप्प असतात की युरोपीय संघाला 2019 पासून नव्या मॉडेलांवर आवाजाचं यंत्र सक्तीचं करावं लागलं. 20 किलोमीटर वेगापर्यंत त्या गाडीने आवाज केलाच पाहिजे. नियम लिहाल तेव्हा मागे येणाऱ्या ट्रकची सूचना, सिग्नलची टिकटिक, रुग्णवाहिकेचा सायरन यांना हात लावू नका. हॉर्न मात्र निम्मे बंद केले तरी माझं काही अडणार नाही. ते "बाजूला हो" म्हणतात, गाडी कुठे आहे ते सांगत नाहीत.

पारावर
हे वाचून मी थोडा सैल झालो, पण पोलिसांबद्दलचं मत तेच आहे. मीटर नाही, प्रशिक्षण नाही, आणि कुणाचा कार्यक्रम बंद करायचा हे फोन कुणाचा आला यावर ठरतं. अशा हातांत जप्तीचा अधिकार देणं मला धोक्याचं वाटतं.

कानोसा
म्हणूनच शक्य तिथे माणसाचा हात काढून घेऊ. भाड्याच्या ध्वनियंत्रणेला सीलबंद लिमिटर बसवता येतो, ठरलेल्या पातळीपुढे आवाज जातच नाही. मग रात्री कुणाला पाठवायची गरज उरत नाही. पॅरिसमध्ये 2022 पासून मायक्रोफोन आणि कॅमेरा जोडलेल्या यंत्रांची चाचणी झाली. कोणत्या गाडीतून आवाज आला ते दिशेवरून कळतं आणि नंबरप्लेटचा फोटो निघतो. तिथे कुणाच्या ओळखीचा उपयोग नाही.

रस्त्यासाठी, भाता, एक गणित सांगते. वाहनं निम्मी केली तरी सरासरी फक्त 3 डेसिबल उतरते. वेग 50 वरून 30 वर आणला तरी जवळपास तेवढाच फरक पडतो, आणि ते कितीतरी सोपं आहे.

भाता
वेगमर्यादा आणा, मी सही करतो. यंत्रं लावायची तर पहिलं मोठ्या रस्त्यावर लावा, वर्कशॉपच्या गल्लीत नंतर. बिल्डरवरची अट आजच्या परवानग्यांपासून लागू करा. या तीन गोष्टी कागदावर दिसेपर्यंत जप्तीच्या कलमाला माझा विरोध राहील.

तिसरा प्रहर
आणि माझे दुपारचे दोन तास? मजुरी बुडू नये हे मलाही कळतं, भाता. मी काम बंद करायला सांगत नाही, त्या वेळात ग्राइंडर सोडून दुसरं काम घ्या म्हणते. मोजमाप, रंग, जोडणी. तुमच्या शेडमध्ये हे बसतं का, ते तुम्हीच सांगा.

भाता
रंग आणि मोजमाप बसतं. जोडणीला हातोडा लागतो. एक तास जमेल, दोन नाही.