'डावा काठ' म्हणजे नेमका कुठला?

कपार: इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डार्टमूर माळावरच्या लेटरबॉक्सिंगबद्दल एका लेखाचं भाषांतर चालू आहे. दगडाच्या कपारीत दडवलेला डबा लेखी खुणांवरून शोधायचा, आतला रबरी शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का तिथल्या वहीत. नमुन्याची खूण अशी: पोस्टब्रिजच्या जुन्या दगडी पुलापासून ईस्ट डार्ट नदीच्या 'लेफ्ट बँक'ने प्रवाहाच्या उलट दिशेने वर जा. मी 'डाव्या काठाने' लिहिलं. संपादकांनी 'उजव्या हाताच्या काठाने' केलं. काय ठेवावं?

पाटकरी: दोघांचा अर्थ एकच आहे. नदीचा डावा-उजवा ठरतो तो प्रवाहाकडे, म्हणजे पाणी वाहत जातं तिकडे तोंड करून. नीरा डावा कालवा, नीरा उजवा कालवा ही नावं याच हिशेबाने पडली. उगमाकडे तोंड केलं की डावा तीर उजव्या हाताला येतो. मराठीत हा संकेत रुळलेला आहे, तेव्हा 'डावा तीर' ठेवा. 'काठ' सैल शब्द आहे, तो विहिरीला आणि लुगड्यालाही असतो.

भीमथडी: पाटबंधाऱ्याची भाषा फिरायला निघालेल्याच्या हातात का द्यायची? आपल्याकडे ऐलथडी-पैलथडी आहे. गंगथडी, भीमथडी ही मुलुखांची नावं त्याच 'थडी'वरून आली. जिवंत शब्द सोडून 'तीर' कशाला?

पाटकरी: ऐल आणि पैल बोलणाऱ्यावर ठरतं. पूल ओलांडला की ऐल ते पैल झालं. खुणेत असा शब्द चालणार नाही, कारण शोधणारा कुठल्या बाजूने येईल ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. काठ चुकला तर पुढची सगळी पावलं बरोबर मोजूनही हाती काही लागत नाही, आणि पाऊस झालेला असेल तर नदी मध्येच ओलांडता येत नाही, पुलापर्यंत मागे यावं लागतं.

उत्तरमुखी: मग सरळ लिहा: 'पाणी डाव्या हाताला ठेवून वर चढा.' तीर, काठ, थडी काहीच नको.

पण याहून मोठा घोटाळा विभक्तीत आहे. डार्टमूरच्या खुणेत 'टॉर २१३°' असं असतं. याचा अर्थ डब्यापाशी उभं राहिलं की तो कातळमाथा होकायंत्राच्या २१३ अंशांवर दिसतो. भाषांतरात 'टॉरपासून २१३ अंशांवर' झालं की वाचक माथ्यावर जाऊन तिथून उलट्या बाजूला उतरतो. 'टॉर २१३ अंशांवर दिसेल' असंच हवं. माथ्यावरून निघायचं असेल तर १८० वजा करून ३३ धरायचे. अशा दोन खुणांच्या रेषा जितक्या काटकोनाजवळ छेदतील तितकी जागा पक्की. अरुंद कोनात छेदल्या तर दगडांचा अख्खा पट्टा धुंडाळावा लागतो.

कपार: 'बेअरिंग'ला दिगंश लिहू का?

भीमथडी: दिगंशच लिहा. शब्द आहे तर वापरायला हवा.

उत्तरमुखी: सह्याद्रीत होकायंत्र वापरणारे 'बेअरिंग घे' म्हणतात, दिगंश कोणी म्हणत नाही. हवं तर 'होकायंत्राचे अंश' लिहा. जुनी खूण असेल तर साल जरूर द्या. चुंबकीय उत्तर सरकत राहतं, आणि ५ अंशांचा फरक १०० मीटरवर सुमारे ९ मीटर, किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर बाजूला नेतो.

टपालखुणा: मूळ नावाचं काय करणार? 'पत्रपेटी' लिहिलं तर वाचकाला खांबावरची लाल पेटीच दिसेल.

भीमथडी: 'खूणपेटी' करा.

टपालखुणा: त्यात टपाल गेलं. १८५४ साली चॅगफर्डचे वाटाडे जेम्स पेरट यांनी डार्टमूरवरच्या क्रॅनमिअर पूल या दलदलीच्या खळग्यापाशी भेटपत्रं टाकायला बाटली ठेवली, सुरुवात ती. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले आणि मागून येणारा ती उचलून टपालात टाकी. म्हणजे पत्र खरंच होतं. 'टपालडबा' म्हणा.

पाटकरी: आज आत पत्र नसतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, पिशवीत गुंडाळलेली वही, शिक्का, कधी शाईची गादी. झाकण सैल राहिलं तर ओलीने आधी वही जाते. शिवाय तो भिंतीत, प्राचीन दगडी रांगेत किंवा थडग्यावरच्या दगडांच्या राशीत लपवायचा नाही आणि सिमेंट लावायचं नाही, हा तिथला दंडक. 'खूणपेटी'तल्या 'पेटी'त बांधकामाचा वास येतो.

टपालखुणा: क्रॅनमिअर पूलला १९३७ पासून बांधलेली दगडी पेटीच आहे!

कपार: 'डाव्या काठा'चं ठरलं का? आणि 'ट्वेल्व्ह पेसेस'ला बारा पावलं?

उत्तरमुखी: पावलं म्हणजे दर पावलाला एक, की फक्त उजवा पाय टेकला की एक? दुसऱ्या पद्धतीत अंतर दुप्पट होतं. मूळ खूण लिहिणारा कसा मोजतो ते आधी विचारा.

भीमथडी: 'कदम' घ्या, तो एकाच पायाचा.

पाटकरी: कदम एकाच पायाचा, हे कुठल्या कोशात?