तिलावतीची (कुरआन वाचनाची) नोंद गूगल शीटमध्ये ठेवतेय, सूरह (अध्याय) धरू की पारा (तीस भागांपैकी एक)?

सातपुडा_पायथा (यावल तालुका)
सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. मी शाळेत शिकवते, फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर वीसेक मिनिटं मिळतात तेवढ्यातच माझी तिलावत होते, मग डबे आणि मग बस. कुठपर्यंत वाचलं त्याची खूण म्हणजे कुरआनची रिबीन, पण माझी पुतणी त्याच कुरआनवर सबक (धडा) घेते आणि रिबीन हलते, मग दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ पानं शोधण्यातच जातो. म्हणून शीट केली. 114 सूरहची यादी आणि पुढे चेकबॉक्स. पण अडचण अशी की सूरह बकरा एकटीच 286 आयतींची (वचनांची), महिनाभर वाचतेय तरी एकही टिक नाही, आणि शेवटच्या पाऱ्यात 37 सूरह, तिथे आठवड्यात भराभर टिका पडतील. मग टक्के बघून काय उपयोग? दुसरं, 2:30 असं लिहिलं की शीट त्याला घड्याळाची वेळ समजते, 5/12 लिहिलं तर तारीख. आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त लागलंय, नेटवरून पाऱ्यांचा तक्ता घेतला त्यात तेविसावा पारा यासीनच्या 28 व्या आयतीला सुरू होतो आणि आमच्या घरच्या कुरआनमध्ये 22 व्या. अब्बांनी वापरलेला कुरआन आहे हो, त्यात चूक असेल हे मनाला पटत नाही. कोणी सांगेल का?

भुसावळ_जंक्शन
ताई आधी जीवाला लावून घेऊ नका, अब्बांचा कुरआन बरोबरच आहे. आयती त्याच, शब्द तेच, फक्त पाऱ्याची रेघ कुठे मारायची त्यात फरक आहे. आपल्याकडच्या छापाईत तेविसावा पारा "व मा लिया" पासून, म्हणजे यासीन 22, म्हणून तर आपण त्या पाऱ्याला त्याच नावाने ओळखतो. मदीनेच्या छापाईत 28 पासून. असंच चौदाव्याचं, आपला "रुबमा" हिज्र सूरहच्या दुसऱ्या आयतीपासून आणि तिकडचा पहिलीपासून. विसावा आपला नम्लच्या 60 पासून, तिकडे 56 पासून. नेटवरचे तक्ते बहुतेक मदीनेच्या 604 पानी मुसहफवरून (कुरआनच्या छापील प्रतीवरून) केलेले असतात, पानांचे नंबरही तुमच्या प्रतीला जुळणार नाहीत. म्हणून तक्ता उतरवू नका, एक दिवस बसून आपल्या हातातल्या प्रतीवरून तीस ओळी स्वतः भरा, पाऊण तास लागेल फक्त. मी रमजानच्या आधी केलं होतं तसं.

शहादेकर
वेळेचं सोपं आहे. कॉलम सिलेक्ट करा, फॉरमॅट मध्ये नंबर, त्यात प्लेन टेक्स्ट. पण मी म्हणेन 2:30 लिहायचंच कायले, सूरहचा एक कॉलम आणि आयतीचा दुसरा असे वेगळे ठेवा, मग बेरीज वजाबाकी पण होते. प्लेन टेक्स्ट केलं की ते आकडे मोजता येत नाहीत हे लक्षात ठेवा. आणि टक्के काढायला सूरह नको न् पारा पण नको, रुकू धरा, म्हणजे सूरहतला काही आयतींचा छोटा भाग. समासात जो ऐन (ع हे अक्षर) असतो ना त्याच्या वर एक आकडा, पोटात एक आणि खाली एक. वरचा म्हणजे सूरहतला कितवा रुकू, पोटातला त्या रुकूत आयती किती, खालचा पाऱ्यातला कितवा रुकू. बकराचे 40 रुकू आहेत, म्हणजे तिथे एका टिकऐवजी 40 टिका, एकेक रुकू वाचला तरी शीट हलताना दिसते. चेकबॉक्सच्या कॉलमवर काउंटइफ लावून ट्रू मोजा, एकूण रुकूंनी भागा, झालं.

मुक्ताईनगर_वारी
नमस्कार ताई, मी ज्ञानेश्वरी वाचतो म्हणून बोलतोय, कुरआनचं मला माहीत नाही. पण दुखणं अगदी सेम आहे. पहिल्या अध्यायाच्या 275 ओव्या आणि अठराव्याच्या 1800 च्या वर, मी अध्याय मोजायचो तर शेवटच्या अध्यायात पाय अडकल्यासारखं व्हायचं. ओव्या मोजायला लागलो तेव्हा बरं वाटलं. आणि एक कॉलम मी फक्त "थांबलो" नावाचा ठेवलाय, ज्या ओवीपाशी मन थांबलं तिचा नंबर आणि दोन शब्द. वर्षाने तोच कॉलम उघडतो, टक्क्यांकडे बघतही नाही.

धुळे_देवपूर
बाजी (ताई), एक सांगते जे भाऊ लोकांच्या ध्यानात येणार नाही. सलग किती दिवस वाचलं असा हिशोब शीटमध्ये घालू नका. महिन्यातले काही दिवस आपण मुसहफ हातात घेत नाही, तेव्हा त्या रांगेत शून्य पडतं आणि उगाच अपराधी वाटतं, मी त्याच्यामुळे एकदा सगळंच सोडून बसले होते चार महिने. त्या दिवसांचा मी रंग वेगळा ठेवलाय आणि तेव्हा मराठी तर्जुमा (अनुवाद) फोनवर वाचते, त्याचा टॅब वेगळा. तर्जुम्याच्या टॅबमध्ये मी सूरहच धरते, रुकू नाही, कारण युसुफसारखी सूरह एका बैठकीत वाचली तरच तो किस्सा मनात उतरतो. आणि सजद्याच्या आयतींना (ज्या वाचल्यावर माथा टेकायचा असतो) पण खूण करा, हनफी पंथात त्या 14 आहेत, कुठली राहिली ते बसमध्ये आठवतं आणि जीव कासावीस होतो.

सातपुडा_पायथा
जजाकल्लाह सगळ्यांना, आणि वारीवाल्या दादांना मनापासून धन्यवाद. काल रात्री अब्बांचा कुरआन समोर घेऊन तीसही पाऱ्यांच्या ओळी भरल्या, यासीनपाशी 22 लिहिताना खरंच शांत वाटलं. बकराचे 19 रुकू झालेत माझे, इतके दिवस ते कुठेच दिसत नव्हते. "थांबलो" चा कॉलम "थांबले" म्हणून घेतलाय, पहिली नोंद बकरा 153, सब्र (धीर) आणि नमाजची मदत घ्या म्हणतात ती. पुतणी बाजूला बसून बघत होती, म्हणे मला पण एक टॅब, तर तिचा केलाय, ती रोज पाच ओळींचा सबक लिहिते. रिबीन आता तिलाच देऊन टाकली.