मदत हवी आहे: सर्व्हे किती लोकांचा करावा? (जरा तातडीचं)

धडपड्या
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आमच्या प्रॉडक्टसाठी गूगल फॉर्म फिरवला होता. दोनशेच्या वर लोकांनी भरला, त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांनी 'नक्की घेईन'वर टिक केलं. त्या भरवशावर माल काढला, तर उठावच नाही. एक दुकानदार म्हणतो, परत घेऊन जा, जागा अडते. पार्टनरचं म्हणणं, सर्व्हे छोटा पडला, ५०० चा करू. मी म्हणतो करायचाच तर १००० चा. नेमका आकडा किती असावा लागतो? एका एजन्सीला विचारलं, त्यांनी सांगितलेला खर्च ऐकून फोन ठेवला. शनिवारपर्यंत ठरवायचंय. कृपया लांबलचक लेक्चर नको.

ओसरीवरचा
प्रॉडक्ट कसलं? मसाला की मिसाईल?

चिवडामावशी
कुठल्या गावात विकताय? किंमत काय? पाकीट केवढं? काहीच लिहिलं नाहीत.

धडपड्या
सॅम्पल साइजचं गणित प्रॉडक्टप्रमाणे बदलतं का? फूड आयटम आहे. पुणे.

आकडेशास्त्री
गणितच हवं असेल तर घ्या. ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे चालत असेल तर ३८४ माणसं पुरतात. तीन टक्क्यांवर आणायचं तर साधारण १०६७. दहा टक्के चालत असतील तर ९६ सुद्धा पुष्कळ. गाव मोठं म्हणून आकडा वाढत नाही, पुण्याला जे लागू तेच मुंबईला. पण अट एकच आणि ती लोक सोयीने विसरतात. ही माणसं चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी निवडलेली हवीत. तुमचा फॉर्म कोणी भरला?

धडपड्या
धन्यवाद, ३८४. म्हणजे ५०० पुरे. पार्टनर जिंकला.

आकडेशास्त्री
अहो, शेवटचं वाक्य वाचलंत का? फॉर्म कोणी भरला?

कर्जमित्र
दादा, फूड असेल तर पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, अजून चालू आहे का बघा. प्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाखांपर्यंत, बँकेच्या कर्जाला जोडून. प्रकल्प अहवाल करून देतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.

ओसरीवरचा
जो माल खपत नाहीये तो आणखी मोठ्या मशीनवर काढा, असा सल्ला आहे का हा?

चिवडामावशी
मी सांगलीची. चिवडा, शंकरपाळी, पापड. सर्व्हे-बिर्व्हे कधी केला नाही. प्रदर्शनात स्टॉल मांडायचा, चमच्याने हातावर चव द्यायची आणि तोंडाकडे बघायचं. खाल्ल्यावर 'छान आहे हो' म्हणून पुढे सरकली ती गेली. जी विचारते 'किती दिवस टिकतो?' ती घेणार. तुम्हीही फॉर्म सोडा आणि आगाऊ पैसे घेऊन ऑर्डर घ्या. खिशात हात घालायची वेळ आली की माणूस खरं बोलतो.

रोखठोक_बंड्या
मार्केट रिसर्च हा सगळा थोतांड धंदा आहे. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवं कोक आणण्याआधी दोन लाखांच्या आसपास लोकांना चव दिली होती. नव्या चवीला पसंती आली. बाजारात आणल्यावर लोकांनी शिव्या घातल्या, तीन महिन्यांच्या आत जुनं परत आणावं लागलं. दोन लाख सॅम्पल! तिथे तुमचे ५०० काय करणार? फोर्ड म्हणालाच होता, लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगाचे घोडे मागितले असते.

आकडेशास्त्री
फोर्ड असं म्हणाल्याचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही. आणि कोकचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. चाचणीत विचारलं होतं घोटभर पिऊन कुठलं आवडलं. जुनं बंद केलं तर चालेल का, याला त्यात जागाच नव्हती. चुकीच्या प्रश्नाला दोन लाख बरोबर उत्तरं मिळाली.

रोखठोक_बंड्या
म्हणजे रिसर्च चुकला तर प्रश्न चुकीचा, जमला तर रिसर्च महान. सोय आहे बुवा.

आकडेशास्त्री
आकड्याचंच वेड असेल तर १९३६ ची अमेरिकेतली निवडणूक बघा. लिटररी डायजेस्ट मासिकाने एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या. भाकीत केलं, लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटारवाला वर्ग वेगळा होता. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याहून कितीतरी लहान सॅम्पलवर विजेता बरोबर सांगितला. धागाकर्ते, तिसऱ्यांदा विचारतो. तुमचा फॉर्म कोणी भरला?

धडपड्या
ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, बायकोच्या माहेरचा ग्रुप. सगळे सुशिक्षित, कमावते, २५ ते ३५ मधले. टार्गेट हेच आहे. आणि प्रॉडक्ट विचारताय तर थालीपीठ भाजणी. अर्ध्या किलोचं पाकीट, १८० रुपये. पिंपळे सौदागरला किराणा दुकानांत ठेवलीय, शिवाय सोसायटीत रविवारी टेबल. आता तरी आकडा सांगा.

कोथरूडचा_खवय्या
भाजणीत गहू घालता का? गहू घातला तर ती भाजणी नव्हे. थालीपीठ चिवट होतं.

वऱ्हाडी_ठेचा
थोडा गहू पाहिजेच, नाहीतर थापताना भेगा पडतात. आणि धने-जिरे वेगळे भाजले का?

कोथरूडचा_खवय्या
भेगा पडतात त्या पाणी कमी पडल्यामुळे. गव्हाचा काही संबंध नाही.

ओसरीवरचा
झालं. आता पन्नास प्रतिसाद भाजणीचे.

कोटा_पूर्ण
मी कॉलेजनंतर काही वर्षं एका रिसर्च कंपनीसाठी घरोघरी फिरलेय, म्हणून बोलते. आम्हाला सुरुवातीचं घर ठरवून मिळायचं. तिथून उजव्या हाताने चालत जायचं, एक मुलाखत झाली की मधली ठरावीक घरं सोडायची. का, तर आम्ही आपल्या सोयीची, चहा विचारणारी घरं निवडू नयेत म्हणून. दारात पहिल्यांदा विचारायचं, घरात किराणा काय आणायचा हे कोण ठरवतं? ती व्यक्ती घरी नसेल तर परत यायचं. शेजारी बसलेल्या दिराने कितीही उत्साहाने उत्तरं दिली तरी ती लिहायची नाहीत. नंतर सुपरवायझर काही घरी फोन करून किंवा जाऊन तपासायचा, खरंच मुलाखत झाली का ते. त्याला बॅकचेक म्हणायचे आणि त्या शब्दाला आम्ही सगळे टरकून असायचो, कारण झाडाखाली बसून फॉर्म भरणारे महाभागही होते.

आणि 'सुशिक्षित कमावते' हा काही वर्ग नाही. २०११ पासूनच्या पद्धतीत वर्ग ठरवताना दोनच गोष्टी विचारायचो, घरात सर्वात जास्त कमावणाऱ्याचं शिक्षण, आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या घरात किती आहेत. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन अशी यादी, शेतजमीनसुद्धा त्यात. पगार विचारायचाच नाही, पगार कोणी खरा सांगत नाही.

तुमच्या बाबतीत मला दिसतं ते असं. थालीपीठ खायला आवडणारा वेगळा, ते थापणारा वेगळा, भाजणी विकत आणणारा वेगळा. तुम्ही खाणाऱ्यांना विचारलंत. फॉर्ममधला प्रश्न शब्दशः काय होता?

धडपड्या
'घरगुती चवीची, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली, पारंपरिक पद्धतीने खमंग भाजलेली थालीपीठ भाजणी वाजवी दरात मिळाली तर घ्याल का?' पर्याय: नक्की घेईन / कदाचित / नाही.

ओसरीवरचा
याला 'नाही' म्हणणारेही निघाले? त्यांना शोधून श्रीफळ द्या.

कोटा_पूर्ण
हा प्रश्न म्हणजे जाहिरात आहे. त्यात 'वाजवी' म्हणजे किती ते सांगितलं नाही. 'घ्याल का' हा भविष्यकाळ आहे, त्यात सगळेच उदार असतात. मागचं विचारायचं. घरी थालीपीठ शेवटचं कधी झालं? भाजणी कुठून आली, आईकडून, ओळखीच्या काकूंकडून की दुकानातून? डब्यात अजून उरलीय का?

रोखठोक_बंड्या
मावशींचा आगाऊ पैशांचा उपायही रामबाण समजू नका. नॅनोला २००९ मध्ये दोन लाखांवर बुकिंग झालं होतं, पैसे भरून. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.

चिवडामावशी
माझा चिवडा आणि टाटांची गाडी एका पंगतीत बसवलीत, आभारी आहे.

चारचाकी_प्रेमी
नॅनोबद्दल काही बोलू नका. माझी अजून चालते. पार्किंगला तिच्यासारखी गाडी नाही.

आकडेशास्त्री
बंड्याभाऊ, नॅनोला सिंगूरहून साणंदला कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का लोकांना नको झाला, हे रतन टाटांनीही नंतर मान्य केलं. गाडी घेणाऱ्याला शेजाऱ्याला दाखवायलाही ती हवी असते. हे फॉर्मवर कोणी लिहीत नाही, पण समोर बसून तासभर बोललं की बाहेर येतं. धडपड्या, किमतीबद्दल एक सांगतो. '१८० ठीक आहे का' असं विचारू नका. १९७६ मध्ये व्हॅन वेस्टेंडॉर्प नावाच्या डच माणसाने चार प्रश्नांची पद्धत काढली. किती किमतीला वाटेल की एवढं स्वस्त म्हणजे काहीतरी भेसळ आहे? किती किमतीला स्वस्तात मिळालं असं वाटेल? कुठे महाग वाटेल पण तरी विचार कराल? आणि कुठे पाकीट परत ठेवाल? चार उत्तरांच्या रेघा काढल्या की कुठल्या पट्ट्यात किंमत बसते ते दिसतं.

धडपड्या
सगळं ठीक आहे, पण मला शनिवारी दुकानदाराला उत्तर द्यायचंय. सरकारी आकडेवारीत काही मिळेल का? कोणीतरी म्हणालं तिथे घरखर्चाचा सर्व्हे असतो.

आकडेशास्त्री
असतो. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी माणसाचा दरमहा खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला, आणि त्यात पेये व तयार-प्रक्रिया केलेलं अन्न यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास.

धडपड्या
मग यावरून भाजणीचं काय समजायचं?

आकडेशास्त्री
काही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

न्यूजर्सीची_सून
आम्हाला इथे मिळेल का? दरवर्षी सासूबाई बॅगेतून आणतात, कस्टमवाले पिशवी उघडून हुंगतात. दोन किलो तरी घेईन.

ओसरीवरचा
घ्या, फॉर्मवर आणखी एक 'नक्की घेईन'.

कोटा_पूर्ण
धडपड्या, एक साधी गोष्ट अजून कोणी विचारली नाही. जी पाकिटं गेली, ती घेणाऱ्यांपैकी परत कोणी आलं का?

धडपड्या
तसं बघितलं नाही. सोसायटीतल्या टेबलवर यूपीआयने पैसे आलेत, तेवढी नावं आहेत.

आकडेशास्त्री
हाच खरा प्रश्न. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आलं, आपल्या तळोज्याला कारखाना काढला. उत्सुकतेपोटी लोकांनी खोकं घेतलं, दुसरं घेईनात. आपल्याकडे सकाळचं दूध गरम, आणि गरम दुधात त्या फ्लेक्सचा लगदा होतो. पहिली खरेदी बघून कोणीही खूश झालं असतं. घरात खोकं उघडल्यावर काय झालं ते विचारल्याशिवाय गरम दूध दिसत नाही.

कोटा_पूर्ण
ज्यांची नावं आहेत त्यांच्याकडे जा. फोन नको, घरी जा, आणि ओट्यापाशी उभं राहता आलं तर उत्तम. विकायला गेल्यासारखं बोलू नका. उरलेलं पाकीट दाखवा म्हणा. दहा-बारा घरं झाली की तीच तीच उत्तरं यायला लागतात, तिथे थांबा. ३८४ माणसांचा सर्व्हे नंतर, जेव्हा काय मोजायचं हे कळेल तेव्हा.

धडपड्या
काल संध्याकाळी आणि आज सकाळी काही घरी जाऊन आलो. पार्टनर आला नाही, त्याला लाज वाटते. चवीबद्दल तक्रार एकीचीही नाही. बहुतेक घरी अर्ध्याहून जास्त पीठ तसंच आहे. थालीपीठ महिन्यातून एकदा-दोनदा होतं, तेही रविवारी. दोघांच्या घरात अर्धा किलो संपत नाही, मग वास येईल म्हणून फ्रिजमध्ये, आणि फ्रिजमध्ये मागे गेलं की विसरलं. एका घरी सुनेने सांगितलं, तिला थापताच येत नाही, तव्यावरून मोडतं, म्हणून सासूबाई गावाहून आल्या की करायचं ठरवलंय. शेजारचे मूळचे लखनौचे, त्यांनी भाजणीची भजी केली होती. बरी झाली म्हणे.

कोथरूडचा_खवय्या
भाजणीची भजी??

वऱ्हाडी_ठेचा
गहू असता तर थालीपीठ मोडलं नसतं.

चिवडामावशी
दोनशे ग्रॅमचं पाकीट काढा की मग. दोघांना दोन वेळेला पुरेल. पाठीवर पाणी किती, कांदा किती, ओल्या फडक्यावर कसं थापायचं तेही छापा. आमच्याकडच्या पोरींनाही येत नाही.

आकडेशास्त्री
लहान पाकिटाची किंमत ठरवताना ते चार प्रश्न वापरा. १८० चे अडीच भाग करून ७२ लावाल तर फसाल, पाकीट आणि भरण्याची मजुरी त्याच प्रमाणात कमी होत नाही.

धडपड्या
अडचण तीच आहे. छापील पाऊचवाला कमीतकमी जेवढी ऑर्डर मागतो तेवढे पाऊच आम्हाला वर्षभर संपणार नाहीत. अर्धा किलोचे आधीच पडून आहेत.

चिवडामावशी
छापील नकोच. साधे उभे राहणारे पाऊच घ्या, स्टिकर लावा. वजन, किंमत, तारीख, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर स्टिकरवर बसतं सगळं. बदल करायचा तर फक्त स्टिकर बदलतो. दुकानदाराला शनिवारी म्हणा, मोठी पाकिटं उचलतो, त्या जागेत लहान डझनभर ठेव, न खपलेली माझी. नाही म्हणणार नाही.

कर्जमित्र
पॅकिंग मशीनलाही अनुदान बसतं. व्यनि करा.

धडपड्या
मावशी, पाऊचवाल्याचा नंबर व्यनि कराल का? पुण्यात कोणी असेल तर आणखी बरं, मला उद्याच हवेत.

चिवडामावशी
केलाय. त्याला दुपारी एक ते चार फोन करू नका, उचलत नाही.