मदत हवी आहे: मोनोमध्ये मृदंगाचा धुम्मा गायब होतोय

नमनातला (कोकणातल्या लोकनाट्यातला) मृदंग घेऊन १२४ बीपीएमचा हाऊस (डान्स म्युझिक) ट्रॅक करतोय. मृदंगाला दोन माईक होते, एक धुम्म्यासमोर (खर्जाची बाजू), दुसरा शाईच्या बाजूला (चढ्या आवाजाची). हेडफोनवर लेफ्ट-राईट पॅन करून मस्त वाजतो. पण इथे गुहागरकडे शिमग्याला बॉक्स (स्पीकर) लागतात ते सरसकट मोनो, म्हणजे लेफ्ट-राईट एकत्र, आणि मोनो केलं की धुम्म्यातला सगळा दम निघून जातो. १०० हर्ट्झच्या आसपास खड्डाच पडतो.

किकचा दोष नाही. किक (बेस ड्रम) ५० हर्ट्झला आहे, साइडचेन लावलंय (किक वाजली की बाकीचं दबतं), किक म्यूट केली तरी तेच. एका माईकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी केली तर धुम्मा परत येतो (थाप पडली की एक पान, म्हणजे चामडं, आत जातं, दुसरं बाहेर, त्यामुळे असावं), पण मग शाईची चाटी (काठावरचा टणक बोल) पोकळ, डब्यातून आल्यासारखी वाटते. वेव्हफॉर्म सरकवून पाहिले, एक सुधारलं की दुसरं बिघडतं. शाईच्या माईकला २०० हर्ट्झचा लिनियर फेज हाय-पास (खालचा आवाज कापणारा, पण लाटांची वेळ न हलवणारा फिल्टर) लावला तर थापेच्या आधी एक भुसभुशीत आवाज येतो.

पुन्हा रेकॉर्डिंग शक्य नाही, वाजवणारे चाकरमानी मुंबईला गेलेत, आता गणपतीतच येतील. एफएल स्टुडिओ वापरतो, विकतचं प्लगइन नको. सॅम्पल टाकून धुम्मा बदला असंही सांगू नका, त्या हाताची थापच हवीय.

तर, पोलॅरिटी उलटी ठेवून शाईला साधा मिनिमम फेज हाय-पास (लाटांची वेळ थोडी हलवणारा, पण थापेआधी आवाज न येणारा) लावू का? लावला तर कट कितीवर आणि किती डीबीचा उतार, म्हणजे चाटी भरीव राहील?