प्रगतीपुस्तकावर काय लिहिलं होतं, आणि घरी ते कोणाला कळलं? (खानदेशातल्या प्राथमिक शाळांचे अनुभव)

बोरीकाठ (अमळनेर)

मुलीची यंदा तिसरी झाली. प्रगतीपत्रक घेऊन घरी आलो. मराठी अ-2, गणित ब-1, इंग्रजी ब-2, परिसर अभ्यास अ-2, पुढे कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. खाली विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने. माझी आई ओट्यावर बसून डाळ निवडत होती. मी सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पास शे का नापास शे ते सांग ना माय." पास आहे म्हटलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, "तिले काय येस आनि काय येत नही, इतलं सांग."

मला सांगता आलं नाही. मी बी. कॉम. झालो आहे, तरी ब-1 म्हणजे माझ्या मुलीला नेमकं काय येतं, ते मला माहीत नव्हतं.

म्हणून हा धागा. तुम्ही पहिली ते पाचवीत काय शिकलात, तुमच्या पुस्तकावर काय शेरा होता, आणि तो घरी कोणी वाचला? शिक्षकांनीही लिहावं. शाळेचं नाव द्यायची गरज नाही.

निवृत्त गुरुजी, धुळे तालुका

आधी श्रेणीचं सांगतो. 91 ते 100 टक्के अ-1, मग दर दहाला एक पायरी खाली: अ-2, ब-1, ब-2, क-1, क-2. 33 ते 40 ला ड. त्याखाली इ-1 आणि इ-2, म्हणजे या मुलाला जास्तीचं मार्गदर्शन देऊन वर आणायचं. तुमच्या मुलीचं ब-1 म्हणजे 71 ते 80.

ही पद्धत 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला 50-50. आकारिक म्हणजे वर्षभराचं: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. विचार फार चांगला होता. तीन तासांच्या पेपरावर सात वर्षांच्या लेकराला तोलायचं नाही, हे मला मनापासून पटलं होतं.

पण पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगतो, आजही सलतं. वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या, प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या. वर्गात बेचाळीस मुलं, दोन इयत्ता एकत्र. बाजारात तयार नोंदींची पुस्तिका मिळत होती. ती आणली आणि उतरवून काढली. एका मुलासमोर लिहिलं, "पाठ्यांश योग्य गतीने व स्पष्ट उच्चारात वाचतो."

मे महिन्यात त्याचे वडील शाळेत आले. ते सालदार होते, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. त्यांनी ते वाक्य कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हीन लिखेल शे, वाचस म्हणीसन. मंग रेशनना दुकानवरनी पाटी याले का बरं वाचता येत नही?"

रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. पोरगा शेजारी उभा होता. मी त्याला पाटीवर "कमल" लिहून दिलं, त्याने वाचलं. "साखर" लिहिलं, तो थांबला. काना ओळखत होता, पण काना असला की अक्षरं जोडून शब्द होत नव्हता. हे मला वर्षभरात एकदाही दिसलं नव्हतं. सुट्टीत पंधरा दिवस त्याला घरी बोलावलं. त्यानंतर नोंदी कमी लिहिल्या, पण माझ्या लिहिल्या. "जोडाक्षरापाशी अडतो." "वजाबाकीत हातचा घ्यायला विसरते." "अहिराणीत गोष्ट पूर्ण सांगते, मराठीत दोन वाक्यांवर थांबते." तपासणीला आलेल्या साहेबांना अशी भाषा आवडली नाही. पालकांना कळली.

आखाजीचा झोका

मी 1983 साली पहिलीत. पाचोरा भाग. दगडी पाटी, अंकलिपी, आणि संध्याकाळी ओसरीवर पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. औटकीला (साडेतीनच्या पाढ्याला) माझी गाडी अडायची. आमच्या प्रगतीपुस्तकात गुण, नंबर आणि पालकाची सही, इतकंच. नापास विषयाखाली लाल रेघ.

निकाल 1 मे ला, झेंडावंदन झाल्यावर. आखाजी (अक्षय तृतीया) त्याच्याच मागेपुढे यायची. चौथीचा निकाल घेऊन मी आले तेव्हा निंबाच्या झाडाला झोका बांधून झाला होता, सासुरवाशिणी माहेरी आल्या होत्या. वर्गात दुसरा नंबर होता माझा. वडिलांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, मी सुलटं करून दिलं. मग त्यांनी अंगठा लावला. जिनिंगमध्ये कामाला होते, बोटांत कापसाची कूस अडकलेली असायची. पाचवी साडेतीन किलोमीटरवर होती. "आंडेर (मुलगी) इतली दूर कशी जाई?" एवढंच बोलले, आणि माझी शाळा सुटली.

त्या दुसऱ्या नंबराचा अर्थ त्यांना कोणी समजावला असता तर काय झालं असतं, हे अजून मनात येतं. गुरुजी आमच्याच गल्लीत राहायचे.

हजेरीचा रुपया

थोडक्यात लिहिते. 1996, नंदुरबारकडचं गाव, तेव्हा धुळे जिल्हाच. आमच्या घरी गुणांपेक्षा हजेरी महत्त्वाची होती. महिन्याला 80 टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ मिळायचा. शिवाय मला मुलगी म्हणून हजर दिवसाचा एक रुपया. आई दर महिन्याला बाईंना हजर दिवस विचारायची. त्यामुळेच मी कधी घरी राहिले नाही आणि वाचायला शिकले. आज अंगणवाडी सेविका आहे.

धडगावचा मास्तर

मी मूळचा शिरपूरचा, अकरा वर्षं सातपुड्यात. वर्गात पावरा आणि भिल मुलं. त्यांची बोली मला येत नव्हती आणि माझी मराठी त्यांना. पहिल्या वर्षी मी अर्ध्या वर्गाला "प्रतिसाद देत नाही" असं लिहिलं. खरं म्हणजे माझा प्रश्नच त्यांना कळत नव्हता. तिसरीतल्या एका मुलीला मदतीला घेतलं, ती माझं बोलणं त्यांच्या बोलीत सांगायची. त्याच मुलांनी मग झाडांची, पाखरांची इतकी नावं सांगितली की माझीच वही भरली.

दिवाळी झाली की कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुलं सोबत. शिक्षण हमी कार्ड भरून देतो, तिकडच्या शाळेने बसवून घ्यावं म्हणून. काही ठिकाणी बसवतात. पुष्कळ मुलं मात्र धाकट्या भावंडाला सांभाळत फडातच राहतात. प्रगतीपत्रकाच्या द्वितीय सत्राचा रकाना कोरा राहतो.

चौथीतला एक मुलगा एप्रिलमध्ये परत आला. संकलित चाचणीत भागाकाराची पाचही उदाहरणं चुकली. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तर तो वडिलांना उचलीचा हिशेब सांगत होता. टन किती, दर किती, मुकादमाकडून आगाऊ घेतलेले किती, फिटले किती, दोघांच्या कोयत्याचे, म्हणजे आईबापाच्या जोडीचे, उरले किती. सगळं तोंडी आणि बरोबर. मी दुसऱ्या दिवशी तेच आकडे फळ्यावर मांडले. त्याने पाहिलं आणि म्हणाला, हे तर येतं मला. श्रेणी क-2 च राहिली, नियमाप्रमाणे तीच बसत होती. खाली मात्र लिहिलं: "व्यवहारातला हिशेब तोंडी अचूक. लेखी मांडणी शिकवायची राहिली." राहिली ती माझ्याकडून, म्हणून तसंच लिहिलं.

केळीची बाग (यावल)

आमच्याकडे प्रगतीपत्रक मोबाइलवर येतं. रंगीत आलेख, टक्के, सगळं. खाजगी शाळा आहे, नाव देत नाही. मुलगा दुसरीत होता तेव्हा शेरा आला, "भाषा अशुद्ध, घरी लक्ष द्यावे." विचारायला गेले तर कळलं, तो वर्गात "मी जेवून राहिलो" म्हणाला होता. आम्ही लेवा समाजाचे, "जेवतोय" ला घरी असंच म्हणतो. आठ दिवस तो घरात गप्प होता. आजीशीसुद्धा बोलेना, "चुकेल" म्हणायचा. त्याला गोष्ट सांगता येते का, ऐकलेलं समजतं का, यावर एक ओळ नव्हती. पुढच्या वर्षी त्याला गावातल्या जिल्हा परिषद शाळेत घातला. तिथल्या मॅडमनी त्याच्याकडून आजीच्या म्हणी लिहून आणवल्या आणि शेजारी पुस्तकातली मराठी लिहायला लावली. आता दोन्ही बोलतो.

पांझरा

पाचवीच्या पालकांसाठी एक सांगतो. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. पाचवीला विषयाला 50 गुण, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के. नापास झालं तर पुनर्परीक्षा असते, तीही गेली तर त्याच वर्गात. पाचवीआधी कोणाला मागे ठेवत नाहीत, म्हणून चौथीपर्यंत बरेच पालक प्रगतीपत्रक उघडतही नाहीत. माझ्या पुतण्याचं तेच झालं. तीन वर्षं "सुधारणा आवश्यक" मध्ये वाचन लिहिलेलं होतं, आणि आम्ही फक्त सही केली. गेली सुट्टी त्याला वाचायला शिकवण्यात गेली. पुनर्परीक्षेत निघाला.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळं वाचलं, आणि आखाजीच्या झोक्याचं दोनदा वाचलं. काल मुलीच्या बाईंना भेटलो, ब-1 चं विचारलं. त्यांनी वही काढून दाखवली: गुणाकार पक्का, हातच्याची वजाबाकी कच्ची, विशेषतः मधे शून्य आलं की. घरी येऊन आईला तिच्या बोलीत सांगितलं. ती उठली, दुधाच्या हिशेबाचं कार्ड आणलं आणि नातीला म्हणाली, "पाचशे दिन्हात, दोनशे शहात्तरनं दूध. किती उरनात?"

पोरगी अडली. आता रोज रात्री दोघी त्या कार्डावर बसतात. आईला लिहिता येत नाही, ती बोटांच्या पेरांवर मोजते, आणि बाईंनी शिकवलेला हातचा नात तिला पाटीवर दाखवते.