नवरा-बायको दोघंच, मासे धरायला आख्खी बोट: मालवणकडे जमते का?

खामल्याचा_खादाड

७ जूनला लग्नाला दहा वर्षं होऊन राहिली. दरवर्षी तेच होते: सीताबर्डीवर साडी, मग सावजी, मग रात्रभर ॲसिडिटी. यंदा बायकोला खरंच आवडेल असं काही करायचं आहे. ती भंडाऱ्याकडची, माहेरी घरामागेच मालगुजारी तलाव. लहानपणी बाबांसोबत काठावर बसून गरीने मरळ काढायची. अजूनही बाजारात मासेवालीने 'आजचा आहे' म्हटलं की ही कल्ला उघडून पाहते आणि पुढच्या पाटीकडे जाते. समुद्र मात्र तिने एकदाच पाहिला, तोही जुहूला, भेळ खाता खाता.

परवा एक व्हिडिओ दिसला. कोकणात फक्त जोडप्यासाठी बोट देतात, पहाटे नेतात, गरी-आमिष त्यांचंच, धरलेला मासा किनाऱ्यावर शिजवून देतात. एका एजंटाला फोन लावला. 'कपल फिशिंग, रोमँटिक सनराइज', बारा हजार, अर्धे आगाऊ. ७ जून म्हटलं तर म्हणे, 'हो सर, पक्की.'

बारा हजार जास्त आहेत का? 'प्रायव्हेट' म्हणजे बोटीवर नेमके कोण कोण असतात? आणि मला अंबाझरीच्या पायडल बोटीतही गरगरते, माझं तिथे काय होईल? घरी काही सांगितलं नाही, सरप्राइज आहे, म्हणून इथे विचारून राहिलो.

धरमपेठी_मुंबईकर

त्या 'पक्की'वाल्याला एक रुपयाही देऊ नको भाऊ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस, वरून समुद्र खवळलेला. अंदमानचा विचार करशील तर पूर्व किनारा आणि अंदमानची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे तुझी तारीख तिथेही अडकली. मुहूर्त काढणाऱ्या भटजीने कोळ्यांना विचारलं नव्हतं वाटते.

प्रतापनगरची_ताई

दादा, आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी जानेवारीत जाऊन आलो. लांब लिहिते, कारण पहिल्या दिवशी पैसे घालवून शिकलो.

आम्हीही एजंटकडूनच 'प्रायव्हेट' घेतली होती. नाव सांगत नाही. पहाटे जेट्टीवर गेलो तर बोटीत आधीच सहा जण, त्यातल्या एकाच्या हातात ब्लूटूथ स्पीकर. विचारलं तर म्हणे, 'गरी तुम्हाला स्वतंत्र आहे ना?' लाइफ जॅकेट बर्फाच्या पेट्यांखाली दाबलेली. आम्ही मागे, इंजिनाजवळ. बोट नांगरून उभी राहिली की डिझेलचा धूर सरळ नाकात. आमचे हे अर्ध्या तासात आडवे झाले आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत सूर्योदय पाहिला. रोमँटिक होता, नाही म्हणत नाही.

संध्याकाळी आम्ही मालवणजवळ देवबागला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, भावाला सांगते, पण समुद्रात कशाला जाता, खाडीत जा. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, तिच्या आतल्या बाजूला पाणी शांत. पर्यटकांना फिरवायचा परवाना असलेली छोटी होडी, त्यात ते मामा आणि आम्ही दोघं, बस. चार तासांचे अडीच हजार दिले.

रॉड-बिड काही नाही. एका लाकडी तुकड्याला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, खाली शिशाचं वजन, वर दोन गऱ्या, आमिष म्हणून सोललेले झिंगे. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बोट हलवायचं नाही. लहान मासे टुकटुक करतात, दारावर नखाने वाजवल्यासारखं. त्याला ओढायचं नाही, नुसता झिंगा जातो. मोठा आला की टुकटुक नाही, दोरी एकदम जड होते आणि आडवी पळते. मी पहिल्या वेळी दोरी बोटाला गुंडाळून बसले होते. मामा ओरडले तोवर चर्रकन कापलं. तो व्रण आजही आहे. पण वर आली ती तांबोशी, वीतभर, ओली लाल, आणि माझ्याकडे इतक्या रागाने पाहत होती की मीच सॉरी म्हटलं. नंतर ह्यांना शिंगाळा लागला, तो मामांनी हात लावू दिला नाही. त्याचा काटा टोचला की दिवसभर ठणकते म्हणे.

आता तुझे प्रश्न. खाडीसाठी बारा हजार कशालाच नाहीत. बाहेर खोल समुद्रात सुरमईच्या मागे जायचं तर मोठी बोट, डिझेल, दोन माणसं, खर्च वाढणारच. पण ज्याला अंबाझरीत गरगरते त्याने त्या भानगडीत पडू नये. 'प्रायव्हेट'मध्ये नावाडी आणि फार तर एक मदतनीस, तिसरं गिऱ्हाईक नाही, हे आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे. प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का ते विचार. मासेमारीची बोट आणि प्रवाशांची बोट यांचे कागद वेगळे असतात. कोणी 'किल्ल्याच्या सावलीत गरी टाकू' म्हटलं तर नको म्हण. सिंधुदुर्गाभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे.

वेळ पहाटेचीच घे. तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, मतलई, पाणी सपाट असते. ऊन चढलं की खारे वारे सुटतात आणि हलायला लागते. आणि तारीख कॅलेंडरवरून नाही, तिथीवरून काढ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, खाडीत ओढ इतकी की दोरी तळाला टिकतच नाही. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी, नवशिक्याला तेच बरं. गरगरण्याची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी घे, बोटीत बसल्यावर नाही. उपाशी जाऊ नको, आणि तर्रीपोहे खाऊनही जाऊ नको.

आम्ही नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरलो होतो, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. मामांना संत्रा बर्फी नेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा तास जास्त फिरवलं, पैसे घेतले नाहीत.

गोरेवाडा_काठ

७ जूनच पाहिजे असेल तर समुद्र कशाला? वहिनीच्या माहेरी तलाव आहे ना. फक्त तो मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असेल तर त्यांना विचारून बसा, नाहीतर वाढदिवसाला पंचनामा. आणि कोणी तोतलाडोहला नेतो म्हटलं तर जाऊ नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारी बंद आहे.

धरमपेठी_मुंबईकर

लग्नाचा वाढदिवस बे.

खामल्याचा_खादाड

सगळ्यांचे आभार. एजंटाला फोन करून 'जूनमध्ये तर बंदी असते ना' म्हटलं. तो म्हणाला, 'सर, मासे नाही पकडायचे, नुसतं पकडल्यासारखं करायचं.' ठेवला फोन.

मग सासऱ्यांना लावला. म्हणाले सोसायटीत आपलेच लोक आहेत, बोलून ठेवतो, ७ तारखेला या, गरी बांधून ठेवतो, जावईबापू तुम्ही काठावर सावलीत बसा. मी म्हटलं बाबा, फक्त तिला सांगू नका. त्यांनी माझा फोन ठेवला आणि लगेच तिलाच लावला. सरप्राइज तिथेच संपलं.

त्यामुळे देवबागचंही सांगून टाकलं. डिसेंबरातली अष्टमी तिने स्वतः पंचांगात शोधली आणि ताईंची पूर्ण पोस्ट दोनदा वाचून काढली. आता तिचा एकच प्रश्न आहे, ताई: गरी तिथलीच वापरायची, की आपली नेली तर मामांना राग येईल?

प्रतापनगरची_ताई

राग कशाचा, आणा म्हणावं. फक्त तलावाचा दोरा खाऱ्या पाण्यात नको, गरीही घरी येऊन गोड्या पाण्यात धुवायची, नाहीतर आठवड्यात गंजते. आणि तिला सांग, बोटाला गुंडाळू नको.