जर्मनीतील डोंगराळ भागात वाहनांपासून मुक्त सायकलमार्ग: आईवडिलांसोबतच्या प्रवासासाठी सल्ला हवा आहे

रानजाई:

नमस्कार. मी नोकरीनिमित्त फ्रँकफुर्टमध्ये राहते. येत्या जूनमध्ये माझे आईवडील पुण्याहून येणार आहेत आणि आम्ही तिघांनी मिळून चार-पाच दिवस सायकलने फिरावे असा बेत आहे. बाबा साठी ओलांडल्यावरही पहाटे उठून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल चालवतात. आईलाही सायकल अतिशय प्रिय होती. परंतु रहदारी वाढत गेली, मागून येणाऱ्या वाहनाच्या हॉर्नने तिच्या छातीत धडकी भरू लागली आणि अखेर तिने सायकल चालवणे सोडून दिले. तिला पुन्हा एकदा निर्धास्तपणे सायकल चालवताना पाहावे, एवढीच माझी इच्छा आहे.

माइन आणि ऱ्हाइन नद्यांच्या काठचे सपाट मार्ग मला माहीत आहेत, पण दोघांनाही डोंगर आणि जंगल हवे आहे. फ्रँकफुर्टच्या आसपासचे डोंगर फार उंच नसले तरी नकाशावर रस्ते सतत चढता-उतरताना दिसतात आणि आईचे गुडघे ते सोसतील असे वाटत नाही. मोटारी नसलेला, डोंगरातून जाणारा आणि तरीही झेपेल असा एखादा मार्ग आहे का?

घाटवाट:

रानजाई, आपण जे मागत आहात ते आपल्यापासून अगदी जवळ आहे. जर्मनीच्या मध्यम उंचीच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी अनेक लहान रेल्वेमार्ग बांधले गेले, पुढे मोटारी आल्यावर ते तोट्यात जाऊन बंद पडले, आणि गेल्या काही दशकांत रूळ काढून त्याच पट्ट्यांवर डांबरी सायकलमार्ग करण्यात आले. सायकलस्वाराच्या दृष्टीने यातला खरा लाभ चढाचा आहे. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ सदतीसास एक, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. त्यामुळे जुन्या रुळांच्या वाटेवरून जाताना डोंगर चढायचा असतो, पण घाट चढायचा नसतो. चढ लांब असतो, मंद असतो आणि अचानक समोर उभा राहत नाही.

फ्रँकफुर्टहून सर्वांत सोयीचा असा मार्ग म्हणजे फोगेल्सबेर्ग डोंगरातला व्हुल्कान-राडवेग. तो आल्टनश्टाट येथून सुरू होऊन ग्लाउबुर्ग, ऑर्टेनबेर्ग, हिर्त्सेनहाइन, गेडर्न अशा गावांवरून हार्टमान्सहाइनच्या माथ्यावर चढतो आणि पलीकडे ग्रेबेनहाइन, हेर्ब्श्टाइन या गावांवरून लाउटरबाखला उतरून श्लित्सपर्यंत जातो. एकूण अंतर नव्वद किलोमीटरांच्या थोडे पुढे आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण साडेचारशे मीटर उंची गाठावी लागते. पण ती तीस-पस्तीस किलोमीटरांवर पसरलेली असल्यामुळे चढ पायांना जाणवतो तो वाऱ्यासारखा, भिंतीसारखा नव्हे.

पूर्णतः वाहनमुक्त म्हणता येणार नाही, हे आईंना आधी सांगून ठेवा. मार्ग अनेक ठिकाणी रस्ते ओलांडतो, तिथे थांबून दोन्ही बाजूंना पाहावे लागते, आणि गावांत काही अंतर शांत गल्ल्यांतून जावे लागते. परंतु मागून मोटार येण्याची धास्ती मैलोन् मैल नसते. त्या मार्गावर चाकांच्या बुटांवरून घसरत जाणारी माणसे, लहान मुले आणि वृद्ध जोडपी आपल्याला भेटतील, यावरूनच तो किती निर्धोक आहे हे कळावे.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती नक्की भावेल. फोगेल्सबेर्ग हा मध्य युरोपातील सर्वांत मोठ्या सलग ज्वालामुखी प्रदेशांपैकी एक असून तो बेसाल्टचा बनलेला आहे. आपल्या दख्खनच्या पठाराचे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर इथला खडक त्याहून पुष्कळ अलीकडचा, दीडएक कोटी वर्षांच्या आसपासचा. कडे आणि सुळके मात्र इथे शोधू नका. सर्वोच्च शिखर टाउफश्टाइन अवघे 773 मीटरांचे आहे आणि सगळा डोंगर एखाद्या पालथ्या ताटासारखा पसरलेला आहे. पण शेताच्या बांधावर रचलेले काळे दगड पाहून बाबांना घरची आठवण आल्यावाचून राहणार नाही.

जाताना फ्रँकफुर्टहून बाड फिल्बेलमार्गे जाणारी लोकलगाडी ग्लाउबुर्ग-श्टॉकहाइमपर्यंत नेते, म्हणजे सपाटीचा सुरुवातीचा भाग सहज टाळता येतो. ऱ्हाइन-माइन परिवहन संघाच्या क्षेत्रात सायकल नेण्यास वेगळे भाडे नाही. मात्र उन्हाळ्यात शनिवार-रविवारी डब्यात जागा मिळणे कठीण होते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी निघा. तिथेच जवळ ग्लाउबेर्ग टेकडीवर केल्ट लोकांचे संग्रहालय आहे. 1996 मध्ये सापडलेला इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला, वालुकाश्मात कोरलेला राजपुरुषाचा पुतळा तिथे ठेवला आहे. चढ सुरू करण्याआधी तिथे एक सकाळ घालवणे मला अगत्याचे वाटते.

सीमापार:

घाटवाट यांनी सुचवलेला मार्ग उत्तम आहे, परंतु चार-पाच दिवस हाताशी असताना माझे मन फेनबान या जुन्या रेल्वेवाटेवरच्या सायकलमार्गाकडे जाते. तो आखेन शहरातून निघतो आणि जर्मनी, बेल्जियम व लक्झेंबर्ग अशा तीन देशांतून सुमारे 125 किलोमीटर अंतर कापत त्रुआव्हिएर्झला पोहोचतो. चढ बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांच्या आतच आहे. आखेनचा कोळसा आणि लक्झेंबर्ग-लोरेनचे लोहखनिज यांची ने-आण करण्यासाठी प्रशियाने 1880 च्या दशकात हा रेल्वेमार्ग बांधला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये रेल्वेची ही पट्टी बेल्जियमला मिळाली आणि तिच्या पश्चिमेकडे उरलेले जर्मनीचे तुकडे बेल्जियमने वेढले गेले. असे पाच तुकडे आजही आहेत. रूळ गेले, सायकली आल्या, तरी पायाखालची डांबरी पट्टी बेल्जियमचीच राहिली आहे. इतिहासाची आवड असलेल्या वडिलांना सायकलवर बसल्या-बसल्या हे अनुभवायला मिळेल. वाटेवरची होहेस फेन ही दलदलीची पठारेही अत्यंत सुंदर आहेत.

रानजाई:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाबांना फेनबानचा इतिहास वाचून दाखवला आणि ते अर्थातच त्याच्या बाजूचे झाले आहेत. माझी चिंता मात्र आईची आहे. एखाद्या दिवशी ती मध्येच थकली तर काय करावे? आणि चढाचा भाग पूर्णच टाळता येईल का?

घाटवाट:

फेनबानच्या विरोधात मला काहीच म्हणायचे नाही; तो मार्ग थोर आहे. परंतु फ्रँकफुर्टहून सायकलींसह आखेनला जायचे म्हणजे प्रादेशिक गाड्या बदलत-बदलत बराच वेळ जातो, परतताना लक्झेंबर्गहून तीच कसरत करावी लागते, आणि आईंसाठी पहिलाच दिवस लांब चढाचा ठरतो. आपण जी चिंता व्यक्त केली आहे, तिचे उत्तर फोगेल्सबेर्गमध्ये अधिक चांगले मिळते.

मे ते ऑक्टोबर या काळात शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी तिथे ‘व्हुल्कान-एक्सप्रेस’ नावाच्या बसगाड्या धावतात आणि त्यांच्या मागे सायकलींसाठी खास ट्रेलर जोडलेला असतो. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी निघण्याचा माझा आधीचा सल्ला बसच्या बेताला लागू नाही. वेळापत्रक आधी पाहून बसने डोंगरावर गेलात, तर तिथून दोन्ही दिशांनी उतारच उतार आहे. मी पुढील क्रम सुचवतो: बाबा आणि आपण श्टॉकहाइमहून सायकलने चढा, आईंनी बसने वर यावे, आणि मग तिघांनी मिळून लाउटरबाखपर्यंत उतरावे. तिथे लाकडी चौकटीच्या जुन्या घरांच्या गल्ल्यांत मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी श्लित्समार्गे फुल्डा नदीकाठच्या सपाट मार्गाने फुल्डा शहरात जावे. आई दमल्या असतील, तर लाउटरबाखहून फुल्डाला थेट रेल्वे आहेच.

फुल्डाजवळच्या ग्योत्सेनहोफहून हिल्डर्सपर्यंत ऱ्योन डोंगरात सुमारे 27 किलोमीटरांचा मिल्झेबुर्ग सायकलमार्ग आहे, तो कृपया चुकवू नका. 2003 मध्ये तो खुला झाला. त्यावर 1172 मीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा असून त्यातून सायकलने जाता येते. हिवाळ्यात वटवाघळे तिथे निद्रिस्त असतात, म्हणून बोगदा तेवढे महिने बंद ठेवतात. जूनमध्ये तो खुला असतो. बाहेर कितीही ऊन असले तरी आत गारठा असतो, त्यामुळे आईंची शाल किंवा जाकीट सामानाच्या तळाशी ठेवू नका. फुल्डाहून फ्रँकफुर्टला परतण्यासाठी सायकल नेता येणाऱ्या प्रादेशिक गाड्या थेट मिळतात.

पायवाट:

घाटवाट यांच्या सल्ल्यात थोडी भर घालते. आईंसाठी विजेच्या साहाय्याची सायकल भाड्याने घ्या. ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मोटार साहाय्य करते अशा सायकलीला इथे परवाना लागत नाही, आणि गुडघे नाजूक असलेल्या व्यक्तीला ती लांब चढावर फार मोठा आधार देते. मात्र ती वजनदार असते. गाडीत चढवताना दोघांनी धरावी आणि शक्यतो बॅटरी काढून घ्यावी. घ्यायच्या आधी आईंना प्रत्यक्ष बसवून पाहा. दोन्ही पाय जमिनीवर सहज टेकले पाहिजेत, कारण अनेक वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याला धीर तिथूनच मिळतो. पहिली सकाळ घराजवळ माइनकाठी सराव करण्यात घालवली तरी चालेल.

शाकाहारी असाल तर रविवारचा विचार आधीच करा. त्या दिवशी जर्मनीत दुकाने बंद असतात आणि डोंगरातल्या लहान गावांत एरवीही दुकान सापडेलच असे नाही. शनिवारी दुपारीच पाव, चीज, फळे आणि दही घेऊन ठेवा. पोहे व लाडू बरोबर असतील तर उत्तमच. मुक्कामाच्या खोल्या आजच राखून ठेवा आणि सायकली रात्री कुलपात ठेवण्याची व बॅटरी चार्ज करण्याची सोय आहे का, हे फोन करून विचारा.